तांब्याभर नदी

त्र्याहत्तरच्या चैत्रात मिशनच्या जीपमधून सेलेस्तिनो साहेब गावात उतरले. फिलिपिन्सचे चित्रकार. तिकडच्या भातलावण्या, जत्रा, नाचगाणी रंगवून नाव काढलेले. आता त्यांना इथलं खेडं हवं होतं. गावात इंग्रजी कळणारी एकच, केशरबाईंची सून पुष्पावती, नगरला बी.ए. झालेली. म्हणून साहेब त्यांच्याच ओट्यावर बसले.

"डोक्यावर घागरी, नाकात नथ, मागे नदी," साहेब म्हणाले.

"नदी आटलीय," पुष्पावती म्हणाली.

"हरकत नाही. नदी कशी असते ते मला ठाऊक आहे."

दुष्काळी कामावरून खडी फोडून आलेल्या शेजारच्या चांगुणेला नथ घालून उभं केलं.

"हसू तरी किती येळ, वयनी? तोंड दुखाया लागलं."

पुष्पावतीचं निम्मं चित्त घरात. तिच्या दहा महिन्यांच्या लेकाला, कानिफला तीन दिवस हगवण. भिंगारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळलेलंच पाणी, चमच्याचमच्यानं. टँकर यायचा उद्या. उकळलेलं एक तांब्याभरच उरलेलं, फळीवर झाकून ठेवलेलं. दर थोड्या वेळानं ती आत जाऊन झाकण चाचपून यायची.

बाळ रडलं. ती धावली. टाळू खोल गेलेली, ओठ सुकलेले. फळी रिकामी.

"आत्याबाई, तांब्या कुठंय?"

"सायबाला गूळपानी दिलं. दारी आलेल्याला काय गढूळ देऊ? चांगलं तेवढंच हुतं."

ती ओट्यावर आली. गूळ साहेबांनी खाल्ला होता. तांब्यात ब्रश उभा होता. पाणी निळं.

"तुमच्या सासूबाई किती समजूतदार! न मागता रंगाला पाणी आणून दिलं."

कागदावर नदी दुथडी भरून वाहत होती. काठावर चांगुणा हसत होती, कडेवर गुटगुटीत मूल.

पुष्पावतीनं तांब्या उचलून हातात घेतला.

"लई झ्याक!" मागून केशरबाई म्हणाल्या. "वंजळीनं प्यावं वाटतंय."

"प्या की आत्याबाई. तुमच्या नातवाचंच आहे."

केशरबाईंची नजर तांब्यावर गेली. त्यांनी आत जाऊन कानिफला मांडीवर घेतलं.

साहेबांनी चित्र बाळासाठी म्हणून तिच्याच हाती दिलं आणि जीप गेली. चांगुणा नथीसकट विहिरीकडे पळाली, तळाचं गढूळ कळशीभर खरवडून घेऊन आली. पुष्पावतीनं ते चौपदरी फडक्यातून गाळून चुलीवर ठेवलं. धसकटं नुसती धुमसत होती. तिनं चित्र चुलीत सारलं.

नदी अजून ओली होती. पेट घेईना. आतून कानिफचं रडणं ऐकू येत होतं, तोवर तिला धीर होता. ती फुंकत राहिली.