कृष्णातचा होकार

"भित्रा हाय ह्यो!" रहिमतपूरच्या भरबाजारात सयाजीनं कृष्णातला असं हिणवलं आणि भागीदारीतून हाकलून दिलं.

कारण हळदीच्या पेवांचं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद राखतात. बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर सयाजी, लालासाहेब आणि कृष्णात या तिघांनी ठरवलं, आपल्या वाडीतच पेवं काढायची आणि गावोगावची हळद ठेवून घ्यायची. कृष्णात एवढंच म्हणाला होता, "आपली माती पावसाळ्यात पाझरती. आदी एकच पेव खणू, एक पावसाळा बघू."

"फौजेत खंदक खणल्यात मी. मला माती शिकवतो व्हय रं?" सयाजी गरजला होता. लालासाहेबानं नंदीबैलासारखी मान हलवली होती.

कृष्णात आतून जळत राहिला. सयाजीची खोड त्याला पक्की ठाऊक होती. हो म्हणणाऱ्याला चहा, नाही म्हणणाऱ्याला शिव्या. असल्या गड्याला बुडवायला विहीर कशाला हवी? नुसता होकार पुरे.

सयाजीनं ऐन वैशाखात खड्ड्यात थोडी हळद ठेवून पाहिली. ती खडखडीत निघाली. वैशाखात ओला पापडसुद्धा खडखडीत निघेल! पण कृष्णात आपणहून गेला आणि पारावर सगळ्यांदेखत गोड हसून म्हणाला, "चुकलो गड्या. तुजी माती लय ब्येस हाय."

गाड्यांच्या गाड्या हळद आली. पेवं भरली, तोंडं लिंपली. पावसाळाभर कृष्णात प्रत्येक सरीला मनातल्या मनात नारळ फोडत होता.

दिवाळीनंतर लोक आपापली हळद न्यायला आले. पेवं उघडली, तशी कुबट वाफ वर आली. आत सगळा काळा चिखल. सयाजी मटकन खाली बसला. कृष्णातला आनंद आवरेना.

"मला ठावं हुतं!" तो ओरडला. "ही माती पाझरती, मला पयल्यापास्नं ठावं हुतं!"

गर्दीतून त्याची थोरली बहीण चंद्राबाई पुढं आली. कोरेगावकडं दिलेली, विधवा. तिचं वर्षाचं सगळं पीक त्या पेवात होतं. कृष्णातच्या हे गावीही नव्हतं. कुणाकुणाची हळद आली, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"ठावं हुतं?" तिनं विचारलं. "तू पारावर व्हय म्हनलास, म्हनून मी गाडी धाडली."

कृष्णात तिच्याकडं दोन पावलं सरकला.

"सयाजी आंधळा हुता रं. तू तर बघत हुतास."

ती सयाजीच्या शेजारी जाऊन बसली. कृष्णातकडं तिनं पुन्हा मान वळवली नाही.