वळचणीला उलटा

वर बघा, वळचणीला. डोकं खाली आणि घेर वर असा जो पांढरा बाहुला लोंबतोय ना, तो मी. तेरू बोझू म्हणतात आम्हाला. सरळ टांगलं तर ऊन पडतं, उलटं टांगलं तर पाऊस, असा इकडे जपानात समज. जन्मापासून मी घाबरलेलाच आहे, पण आज पार गळाठलोय.

मला शिगेहारूंनी केलं, आपल्या जुन्या रुमालाचा. आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबला, गळ्याशी दोरा आवळला आणि ऊन पडावं म्हणून वळचणीला सरळ टांगलं. डोळे मात्र रंगवले नाहीत. ते काम फत्ते झाल्यावर रंगवायचे असतात. त्यामुळे माझा सगळा कारभार ऐकीव.

त्यांचा बेतही मी असाच ऐकला. शेजारचे तोकुजी महिनाअखेर कायमचे मुलाकडे ओसाकाला निघालेत. तरुणपणी दोघांनी मिळून खिंड ओलांडली होती, ती जाण्याआधी पुन्हा एकदा ओलांडायची. एका डब्याच्या गाडीने आसारीला उतरायचं, डोंगर चढायचा, पलीकडे मिनोबेला उतरून शेवटची गाडी धरायची. दिवस ऐन झडीचे, पण तोकुजींना उघाडीपर्यंत थांबायची सोय नव्हती.

नकाशा पसरल्याचा आवाज आला. शिगेहारूंची बायको कियोए चहा ओतत होती.

"दोन वर्षांपूर्वी दरड कुठे आली होती, आठवतं ना?" तिने विचारलं.

"ती वाट आता दुरुस्त केलीय," शिगेहारू म्हणाले.

"आणि डोंगर? तोही केलाय का दुरुस्त?"

तोकुजी हसले. "वहिनी, तुम्ही भाताचे गोळे तेवढे बांधून द्या. आत उमेचं आंबट लोणचं जरा सढळ हाताने घाला. बाकी हा बाहुला बघून घेईल. पाऊस पडला तर याची मान कापायची, रीतच आहे."

ते चेष्टेत बोलले. माझ्या पोटातला कागद मात्र गार पडला.

पाऊस फार झाला की गाडी असेल तिथे थांबवतात, आणि त्या खोऱ्यात दुसरं वाहन मिळत नाही. कियोएने हेही काढलं. "मग स्टेशनवर झोपू," शिगेहारू म्हणाले. त्यांचा आवाज उगाचच मोठा होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कियोए स्टूल घेऊन आली. सर थांबली होती, भाताच्या खाचरांत बेडूक ओरडत होते. तिने दोरा सोडला, मला उलटं केलं आणि घेराला गाठ मारली. "माफ कर बाबा," ती पुटपुटली. "पण त्यांना घरीच ठेव." माझी सगळी भीती डोक्यात उतरली. ऊन पडलं तर दोन म्हातारे डोंगरात, पाऊस पडला तर माझी मान. मी ऐकायचं तरी कुणाचं?

सकाळ कोरडी निघाली. बूट वाजले, फाटक वाजलं, ते गेले. आणि दुपारी पाऊस आला तो असा, की पन्हळीत पाणी मावेना. ते दोघं तेव्हा ऐन खिंडीत असणार. गावच्या भोंग्यावरून गाडी बंद केल्याची सूचना झाली. कियोए फोनपाशी बसून राहिली.

"हा मी मागितलेला पाऊस," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भिजून जड झालेल्या मलाही वाटायला लागलं, की हा मीच पाडला.

अंधार पडताना फोन वाजला. ती तो उचलेचना. उचल गं बाई, मी मनातल्या मनात ओरडत होतो.

शेवटी तिने उचलला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मलाही सगळं ऐकू आलं.

"आसारीच्याच स्टेशनवर आहोत," शिगेहारू म्हणाले. "वाटेतल्या देवळापाशी पहिला थेंब पडला आणि मी तोकुजीला मागे फिरवलं. खिंड राहिली. तोकुजी बाकावर घोरतोय."

"मोजे कोरडे आहेत का?" तिने विचारलं, आणि मग तिला रडू आवरेना. "अहो, बाहुला मी उलटा टांगला होता."



"सकाळी निघताना पाहिला मी," ते म्हणाले. "पाहून बरं वाटलं. मलाही भीती वाटत होती. पण तोकुजीला नाही कसं म्हणू? तो आता परत यायचा नाही गं." मग आवाज उतरला. "आता मात्र बाहुल्याला सरळ कर. स्टेशनमागे दगड घरंगळल्यासारखं ऐकू येतंय. आणि इथून आता कुठे जाता येत नाही."

ती स्टूल ओढत आलीय. तिची बोटं अंधारात माझी गाठ चाचपताहेत, आणि गाठ भिजून घट्ट बसलीय.

तुम्हाला म्हणून सांगतो, मला पाऊस पाडता येत नाही आणि थांबवताही येत नाही. मी एक रुमाल आणि थोडी रद्दी. पण तिकडे स्टेशनवर अडकलेले शिगेहारू, मला सरळ केलं असेल या भरवशावर आज डोळे मिटणार आहेत. मला फार भीती वाटतेय. तेवढी कृपा करा, त्या नवरा-बायकोला यातलं काही कळू देऊ नका.