भोंग्यातला दौलत

माइक गुणाजीच्या मांडीवर उलटा पडला होता, त्याचं बटण बंद होतं, आणि तरीही टॅक्सीच्या टपावरचा भोंगा कण्हत होता. आधी बारीक, मग चढत चढत, दातओठ खाऊन दुखणं सोसणाऱ्या माणसासारखा. परळच्या त्या चाळीपुढे दोनशे माणसं गोळा झाली होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. तिन्ही मजल्यांचे कठडे बायकांनी भरून गेले होते.

"बोल, माझ्या वाघा, बोल!" चिंतामणी बुवाने टॅक्सीच्या पत्र्यावर चिमटा आपटला. भोंगा आणखी कळवळला.

"माझो झील! माझो झील बोलता!" राधाबाई पायरीवर कोसळली. चार बायकांनी तिला धरलं.

दौलत तिचा एकुलता एक. गेल्या जानेवारीत मराठी राज्यासाठी निघालेल्या मोर्चात गेला, तो छातीत पोलिसांची गोळी घेऊन परत आला. त्याच्यामागे घरात दोन बायका राहिल्या. एक ही राधाबाई, दुसरी त्याची बायको कांता. मुलगा गेल्यावर राधाबाई रडली नाही, की धड जेवली नाही. आता वर्ष भरत आलं तेव्हा तिला मुलाचा आवाज ऐकू येत होता, आणि तो कसला? तर कण्हण्याचा. वा रे देवाचा न्याय! पण लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. चमत्कार म्हटला की माणसं आधी हात जोडतात, विचार मागाहून करतात. तोही केलाच तर.

टॅक्सी शेजारच्या खोलीतल्या गुणाजीची. निवडणूक जवळ आली म्हणून संध्याकाळची ती त्याच मराठी राज्यासाठी लढणाऱ्या समितीच्या प्रचाराला फिरे. भोंगा बसवला होता रामदासने. हा गिरणीतला वायरमन, पलीकडच्या चाळीत राहणारा. चोरबाजारातून आवाज मोठा करणारी जुनी पेटी आणि भोंगा आणून त्याने दोन रविवार चाळीच्या चौकात बसून तारा जोडल्या होत्या. दसऱ्यापर्यंत आवाज कसा खणखणीत होता! दसऱ्यानंतर हे कण्हणं सुरू झालं, आणि एका गुरुवारी दौलतच्या खोलीखाली गाडी उभी असताना ते नेमकं चिंतामणी बुवाच्या कानावर पडलं.

हा बुवा तीन वर्षांपूर्वी दादरला फुटपाथवर दंतमंजन विकायचा. "हलता दात बसवतो, बसलेली कवळी हलवत नाही!" हे त्याचं तेव्हाचं भाषण. दातांवरून तो आत्म्यांवर आला, कारण आत्मे तक्रार करायला परत येत नाहीत. त्याने डोळे मिटले, कानाला हात लावला आणि जाहीर केलं, "हुतात्मा तळमळतोय. अंतराळात त्याला गती नाही, म्हणून लोखंडाचा आसरा घेतलान." झालं. दर गुरुवारी बॉनेट उघडून इंजिनाची पूजा, हळदकुंकू, नारळ, आणि मग प्रश्नोत्तरं.

त्या दिवशी बुवाने शेवटचा प्रश्न विचारला. "दौलत, तुझी बायको परपुरुषांत गिरणीत जाते, म्हणून तळमळतोस का रे?"

चिमटा वाजला. भोंग्याने लांबलचक हंबरडा फोडला.

"तिला गावी धाडू? खोलीत तुझं ठाणं मांडू? मी सेवेला राहू? बोल, माझ्या वाघा!"

पुन्हा हंबरडा. घ्या! मेलेल्या माणसाने स्वतःची दहा बाय बाराची खोली स्वतःच्या तोंडाने बुवाला देऊन टाकली. परळमध्ये जिवंत माणूस सख्ख्या भावाला खोलीचा कोपरा देत नाही.

कांता टॅक्सीच्या दाराशी मान खाली घालून उभी होती. विधवेने चारचौघांत मान वर करायची नाही, ही चाळीची शिस्त. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात वर्षभर बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगारांच्या जागी, राबून पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती. रविवारच्या बोटीने तिला धाडायचं तिथल्या तिथे ठरलं होतं. कोकणात गेली की नोकरी गेली, खोली गेली, आणि उरलेला जन्म चुलत दिरांच्या गोठ्यात शेण काढत जायचा. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला तिने मान आणखी खाली घातली, आणि म्हणूनच उघड्या दारातून तिला गुणाजीचा पाय दिसला.

चिमटा वाजला की पाय दबत होता. पाय दबला की भोंगा रडत होता.

तिने दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर गिरणीच्या फाटकाशी रामदासला गाठलं.

"रामदासदादा, भोंगा तुम्ही बसवलात. तो का रडतो?"

रामदासने आजूबाजूला पाहिलं. "वहिनी, तो डायनामो आहे. बॅटरी भरणारं यंत्र. इंजिन जोरात पळालं की तेही जोरात फिरतं, आणि त्याचा आवाज तारेतून भोंग्यात शिरतोय. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"आलो होतो की पाना घेऊन!" तो कडवट हसला. "मागच्या महिन्यात आम्ही घरातले देव विसर्जन केले, बौद्ध झालो. बुवा म्हणाला, देव टाकलेल्याचा हात हुतात्म्याच्या गाडीला लागता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्हीपण होतात तिथे, वहिनी."

होती. कांता तिथेच होती आणि गप्प बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दसऱ्याआधी का नव्हता आवाज?" तिने कसंबसं विचारलं.

"भोंग्याच्या पेटीची एक तार गाडीच्या अंगाला घट्ट जोडावी लागते. तिला अर्थ म्हणतात. ती मी इंजिनाशेजारी रंग खरवडून बोल्टने आवळली होती. दसऱ्याला गुणाजीने बॉनेट उघडून पूजा केली आणि नारळ फोडून पाणी सोडलं नेमकं त्याच बोल्टवर. आता दर गुरुवारी सोडतात. वर हळदकुंकवाचा चिखल. बोल्ट सडला असणार. जेवढी पूजा जास्त, तेवढा दौलत जास्त रडणार."

कांता म्हणाली, "रविवारी सकाळी पाना आणि पॉलिशपेपर घेऊन या. या वेळी मी गप्प बसणार नाही."

रविवारी त्याच टॅक्सीने तिला भाऊच्या धक्क्यावर सोडायचं ठरलं होतं. हुतात्मा स्वतः बायकोची पाठवणी करणार, म्हणून अख्खी चाळ खाली उतरली. ट्रंक मागे बांधली गेली. बॉनेटवर नारळ फुटला. इंजिन सुरू झालं, गुणाजीचा पाय दबला तसा भोंगा बारीक कण्हू लागला.

"बुवा, जायच्या आधी मला ह्यांना दोन गोष्टी विचारायच्यात," कांता म्हणाली.

"विचार, मुली, विचार. आत्मा उदार आहे."

"गुणाजीभाऊ, जरा उतरा." आणि कुणाला काही कळायच्या आत ती त्याच्या जागेवर बसली.

"मी गावी जाऊ का हो?"

भोंगा हूं की चूं करेना. बुवाने चिमटा आपटला. "बोल, माझ्या वाघा!" वाघ मुका. पुन्हा आपटला. दहा वेळा आपटला. गर्दीत चुळबूळ सुरू झाली.

"मी इथेच राहू? गिरणीत जाऊ?" कांताने पाय दाबला. भोंगा कळवळून ओरडला.

"आणि हा बुवा दादरला दंतमंजन विकायचा ना हो?"

भोंग्याने असा गळा काढला की तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

"करणी! ही बाई..." बुवा थरथरत ओरडला.

"करणी कसली? पाय आहे माझा. गुणाजीभाऊ, आईची शपथ आहे तुम्हाला, बुवाने काय सांगून ठेवलं होतं?"

गुणाजी रडकुंडीला आला. "आत्म्याला दम लागतो म्हणाले. चिमटा वाजला की इंजिनाचा दम द्यायचा. मी भक्तीनं दाबत होतो, वहिनी. माझ्या मनात पाप नव्हतं."

रामदास पुढे झाला. दोघंतिघं आडवे आले, "गाडीला हात लावू नकोस!"

"तुमच्या हातांनी सडवलंत," कांता म्हणाली. आता तिची मान वर होती. "त्यांच्या हाताने दुरुस्त होऊ द्या. सरका!"

माणसं सरकली. रामदासने बोल्ट काढून तळहातावर धरला आणि सगळ्यांना दाखवत फिरला. गंजाची खपली, त्यात चिकटलेलं कुंकू, आंबलेल्या नारळपाण्याचा वास. त्याने बोल्ट घासला, पत्रा घासला, तार पुसली, सगळं पुन्हा आवळलं. "दाबा, वहिनी."

इंजिन गरजलं. भोंगा शांत.

राधाबाई पायरीवरून उठून आली. तिने भोंग्याकडे पाहिलं. "परत दाब गो."

कांताने दाबलं. काही नाही.

"परत."

काही नाही.

"तू त्याका दुसऱ्यांदा मारलंस," राधाबाई म्हणाली आणि वर निघून गेली.

कांता स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. खरं सांगायचं तर तिलाही तो आवाज हवा होता. खोटा आहे हे ठाऊक असूनही हवा होता. बुवा आपली झोळी भरतात ती ह्याच हवेपणातून, आणि म्हणून त्यांचा राग येतो. पैसे गेले तर माणूस पुन्हा मिळवील. आईचं दुःख चिमट्याच्या तालावर नाचवलं, त्याची भरपाई कोण करणार? बुवा गर्दीतून कधी सटकला ते कुणी पाहिलं नाही. महिन्याभरात त्याने प्रभादेवीत रडणारा पंखा शोधून काढला, असं ऐकण्यात आहे.

म्हणून हात जोडून सांगणं एवढंच, की यंत्र कण्हलं तर वायरमनला बोलवा आणि त्याची जात, त्याचा धर्म विचारत बसू नका. मेलेला माणूस बोलतो असं कुणी म्हणालं, तर आधी बघा की पाय कुणाचा दबतोय. मेलेल्यांची आठवण ठेवायला चमत्कार लागत नाही, आपलं तोंड पुरतं.

ट्रंक परत खोलीत गेली. राधाबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी टॅक्सी प्रचाराला निघाली. रामदासने माइक हातात घेतला आणि गोळीबारात गेलेल्या परळच्या पोरांची नावं एकेक करून सांगू लागला. तिसरं नाव दौलतचं होतं. त्यात ना घरघर, ना कण्हणं. नुसतं नाव, स्वच्छ.

राधाबाई उठून कठड्याशी आली. कांता तिच्यामागे उभी राहिली.

"आवाज साफ येता आता," राधाबाई म्हणाली. मग सुनेचा हात घट्ट धरून, वर्षभरात पहिल्यांदा, ती गेलेल्या मुलासाठी रडली.