रांजणावरचा तांब्या

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी साखऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं. माझ्या हातानं घण उचलेना, म्हणून मुकादमानं मला कामावरच्या बायांची लेकरं सांभाळायला लिंबाखाली बसवलं. बायको लक्ष्मी जाऊन तीन वर्षं झाली होती. पोरगा पोटासाठी औरंगाबादला गेला तो गेलाच. पंचेचाळिसाव्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो, पण मला वाचायला कोणी पत्र धाडत नव्हतं. दिवसभर माझ्याशी बोलायची ती ही दहा-बारा लेकरंच; मला ती जळबा बाबा म्हणत.

त्यांना मी नागरिकशास्त्राचं जुनं पुस्तक वाचून दाखवी. घटनेनं शिवाशीव बंद केली, पाण्यावर सगळ्यांचा हक्क सारखा, असं सांगे. आमच्या बौद्धवाड्यातली आठ वर्षांची भागू फार मन लावून ऐकायची.

कामावर रांजणाशी तांड्यावरचा फुलसिंग पाणी द्यायचा. इतरांच्या हातात तो तांब्या देई, आमच्या माणसांच्या ओंजळीत वरून ओती. एक दिवस भागूनं त्याच्याकडं तांब्या मागितला.

"कोण म्हणतं दे म्हणून?"

"जळबा बाबा म्हणतेत. पुस्तकात हाय."

"मग बोलाव तुझ्या वकिलाला."

मी गेलो. ऊन डोक्यावर होतं, घसा कोरडा पडलेला. फुलसिंगनं तांब्या भरून वर धरला. मी वाकलो, ओंजळ तोंडाशी नेली. पोटभर पाणी प्यालो आणि मगच कळलं, आपण काय केलं ते.

भागू बघत होती. "तुमीच काहून ओंजळ धरली, बाबा?"

मी ओले हात सदऱ्याला पुसत लिंबाखाली परतलो.

दुसऱ्या दिवसापासून लेकरं खडीच्या ढिगापलीकडं खेळू लागली. हाक मारली की "येऊन राहिलो" म्हणायची, येत मात्र नसत. तीन दिवस मी पुस्तक मांडीवर घेऊन एकटाच बसलो.

चौथ्या दुपारी उठलो. रांजणाच्या झाकणावरचा तांब्या स्वतः उचलला, बुडवला आणि तोंडाला लावला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. फुलसिंग हळूच म्हणाला, मुकादम मलाच तकलीफ देईल. मी म्हणालो, माझं नाव सांग.

मग तांब्या पुन्हा भरला आणि भागूला हाक मारली. ती आली. मी तांब्या पुढं केला, तर तिनं वाकून ओंजळ धरली.

मी पाणी ओतलं नाही. तांब्या तसाच धरून तिच्यासमोर उभा राहिलो.