साधारण प्रयत्नांतला चेंडू

"काय लावू?" मी विचारलं.

ऑर्विल स्ट्रँडनी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. खाली मैदानावर आमच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये चेंडू अडवणारा, एलाडिओ पेन्या अजून वाकलेलाच होता. चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून मागच्या हिरवळीवर सावकाश चालला होता. तिसऱ्या बेसवरचा पाहुण्यांचा गडी धाव पूर्ण करून बाकावर बसला आणि पाणीही प्यायला लागला.

आमच्या फलकावर अशा वेळी दोन दिव्यांपैकी एक लागतो: फटका, म्हणजे श्रेय मारणाऱ्याचं, किंवा चूक, म्हणजे दोष अडवणाऱ्याचा. कुठला ते अधिकृत नोंदकार म्हणून स्ट्रँड ठरवतात. बटण दाबणं आणि भोंग्यावर घोषणा करणं हे माझं काम. एरवी चेंडू थांबायच्या आत त्यांचा निकाल आलेला असतो.

"मिस्टर स्ट्रँड, लोक फलकाकडे बघताहेत."

"बघू देत."

व्हिटकॉम्ब केटल्सच्या हंगामातला हा शेवटचा सामना होता. आमच्या गावात पूर्वी किटल्या बनत. कारखाना ओहायोतून गेला, नाव तेवढं संघाला ठेवून गेला. आम्ही जिंकलो की कुंपणामागच्या पत्र्याच्या किटलीतून वाफ सोडतात. यंदा वाफेवर फारसा खर्च झाला नाही. मे महिन्यात मॅनेजर म्हणाला, पोरं अजून जुळलेली नाहीत. जुलैत पोरं जुळली आणि एकजुटीनं हरू लागली.

स्ट्रँडना याचं सुखदुःख नव्हतं. ते परगण्याचे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. खाटकांचे काटे आणि पेट्रोलचे पंप तपासण्यात त्यांचा जन्म गेला. काटा फसवा निघाला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची, की तो बंद. सख्ख्या मेव्हण्याच्या चीजच्या दुकानातल्या काट्यालाही त्यांनी ती बांधली होती. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्यांची बायको माहेरी एकटीच जायची. एकदा एका खेळाडूनं त्यांना खूश करायला व्हिस्कीची बाटली पाठवली. स्ट्रँडनी ती परत केली. सोबत चिठ्ठी होती, बाटली काठोकाठ भरलेली नाही.

आणि एलाडिओ. तो अकरा वर्षांपूर्वी वरच्या संघात जाता जाता दोन आठवड्यांसाठी इथं थांबला. मग दातांच्या डॉक्टरकडे फोन घेणाऱ्या मुलीशी लग्न केलं आणि थांबलाच. आता गुडघे गेले होते. आज त्याचा निरोप होता. सामन्याआधी संघानं त्याला आरामखुर्ची भेट दिली, कारण आमचा देणगीदार फर्निचरवाला आहे. चाळिशी न उलटलेल्या माणसाला सगळ्यांसमोर तिच्यात बसवलं. पाय वर आले, पण कळ अडकली आणि ते खाली येईनात. शेवटी दोघांनी धरून त्याला बाहेर काढला. लोकांना ते फार गोड वाटलं.

"फटका," स्ट्रँड म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस, गस? दाब."

मी बटण दाबलं. शाळेच्या नाटकात झाड झालेल्या पोराला वाजवतात तशा टाळ्या वाजल्या. चेंडू टाकणारा आमचा तरुण पिचर कोल मात्र कमरेवर हात ठेवून आमच्या खिडकीकडे बघत राहिला. चूक धरली असती तर ती धाव त्याच्या नावावर लागली नसती. फटका म्हटल्यावर लागली.

केटल्स हरले. त्यात बातमी नाही.

लोक पांगल्यावर आमच्या लाकडी जिन्यावर खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला. एलाडिओ एकेक पायरी घेत वर आला, दारात टेकला.

"बस," स्ट्रँड म्हणाले.

"आज पुष्कळ बसवलंय मला. मिस्टर स्ट्रँड, तो चेंडू माझा नव्हता का?"

"जरा उसळला."

"कुठं उसळला? लोण्यावरून यावा तसा आला. माझ्या सासूनं पर्स न ठेवता अडवला असता."

मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.

"नियम काय आहे?" त्यानं विचारलं.

"साधारण प्रयत्नानं अडवता येण्याजोगा असेल, तर चूक," स्ट्रँड म्हणाले. "नाहीतर फटका."

"म्हणजे मी आता साधारणही राहिलो नाही." तो गुडघा चोळत होता. "अकरा वर्षं माझ्या नावावर चुका लावल्यात. मी तुम्हाला शिव्या घालायचो, स्पॅनिशमध्ये, कळू नयेत म्हणून."

"कळायच्या."

"पण घरी जाऊन बायकोला म्हणायचो, म्हाताऱ्याला अजून वाटतंय की तो मी घ्यायला हवा होता. खुर्चीवाल्यांनी दया केली, करू दे. त्यांना खुर्च्या खपवायच्यात. तुम्ही कशाला केलीत?"

स्ट्रँडनी नोंदवही जवळ ओढली.

"खाली तो कोल मला म्हणतो, काका, ज्येष्ठांची सवलत माझ्या खिशातून का? थोबाड फोडणार होतो त्याचं. पण खोटं काय बोलला?"

"निकाल बदलायला उद्यापर्यंत मुभा असते," स्ट्रँड म्हणाले. ती त्यांनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. "गस, फलक लाव."

"लोक गेले हो सगळे."

"लोकांसाठी नाही."

मी फलक लावला. फटका विझला, चूक पेटली. रिकाम्या बाकांखाली एक जण शेंगांची टरफलं झाडत होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झाडू लागला. एलाडिओ खिडकीशी उभा राहून त्या दिव्याकडे बघत होता.

"आता बरोबर," तो म्हणाला आणि कठडा धरून, तिरका होऊन जिना उतरू लागला.

स्ट्रँड दारापर्यंत गेले. "एलाडिओ, तो तू घ्यायला हवा होतास."

"माहितीये." त्यानं वळून न बघता हात वर केला. मग आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"शिवी," स्ट्रँड म्हणाले. त्यांचा चेहरा जरा सैल झाल्यासारखा वाटला. मग पुन्हा होता तसा झाला.

त्यांनी दुरुस्त अहवाल पाठवला, पेन्सिली डबीत भरल्या, कॉफीचा मग धुऊन पालथा घातला.

"मग, मे महिन्यात भेटू," मी म्हणालो.

"फलक बंद करायला विसरू नकोस. वीज फुकट जाते."

फलकाचा मुख्य खटका खाली आहे. तो पाडून मी वर आलो तेव्हा ते गेले होते. त्यांच्या खुर्चीच्या पाठीला तारेनं एक जुनी लाल चिठ्ठी बांधलेली होती, परगण्याच्या शिक्क्याची. वर छापलेलं होतं, 'वापर बंद'. खाली कारणाच्या रकान्यात त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'एका बाजूला झुकते.'

मी खुर्ची हलवून पाहिली. भक्कम होती.