शेऱ्याचा रकाना

"रजिस्टर जरा इधर कर लें, अष्टपुत्रे जी?" विश्वंभर दयाल म्हणाले.

यज्ञेश्वर अष्टपुत्र्यांनी रजिस्टर चार बोटे पुढे सरकवले. टेबल पाच हात लांब होते. विश्वंभर दयाल हसले, उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि उभ्याउभ्याच पाने चाळू लागले. हसणाऱ्या माणसाचा यज्ञेश्वररावांना फार धसका. रागावलेला माणूस निदान काय करणार ते कळते, हसणाऱ्याचे पाणी कुठे मुरते त्याचा पत्ता लागत नाही, असे ते घरी सांगत.

गोष्ट त्रेपन्न सालची. झाशीत तेव्हा दोन सार्वजनिक पुस्तकालये होती. ओरछा गेटच्या आतले नगरपालिकेचे, तिथले ग्रंथपाल हे विश्वंभर दयाल. आणि रेल्वे लाइनीच्या पलीकडे, सीपरी बाजारातले जिल्हा बोर्डाचे, तिथे एकवीस वर्षे यज्ञेश्वरराव. आता दोन्ही एक व्हायची होती, आणि त्यासाठी विश्वंभर दयाल मुनशीला घेऊन आज सीपरी बाजारात मोजणीला आले होते. हुकमात स्वच्छ लिहिले होते: 'किसी कर्मचारी को हटाया नहीं जाएगा. कोई चालू सेवा बंद नहीं होगी.' यज्ञेश्वररावांनी तो हुकूम अकरा वेळा वाचला होता आणि अकराही वेळा 'चालू' या शब्दापाशी ते अडले होते. हा शब्द इथे का घातला? कोणी घातला? चालू म्हणजे काय, हे ठरवणार कोण?

स्वभावच तसा. टपालवाल्याने पत्र दिले की आधी पाकिटाचा डिंक बघायचा, मग पत्ता. कुलूप लावले की तीनदा ओढायचे. नाव अष्टपुत्रे आणि घरात एकुलती एक मुलगी, यावरून सीपरी बाजारात कोणी थट्टा केली तरी त्यात यांना बोर्डातल्या कोणाची तरी फूस दिसायची.

पण या वेळी त्यांचा जीव खरोखरच एका गोष्टीत अडकला होता. ती म्हणजे पेट्या. बोर्डाच्या पुस्तकालयाच्या बारा लाकडी पेट्या होत्या. एकेका पेटीत चाळीस पुस्तके. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या पॅसेंजर गाड्यांनी जिल्ह्यातल्या बारा स्टेशनांवर जात: चिरगाव, मोठ, बरुआसागर, रानीपूर रोड. स्टेशन मास्तरच्या खोलीत पेटी उघडायची. गावचा मास्तर, पॉइंट्समन, हलवाई, कोणाची लेकसून, जो येईल त्याने पुस्तक न्यायचे. महिनाअखेरीस सगळ्या पेट्या परत, पुस्तके बदलायची, पुन्हा रवाना. हातगाडीवरून पेट्या स्टेशनावर नेणारा आणि आणणारा माणूस एकच, जगन्नाथ. अठरा वर्षे तो हे करत होता, पण होता रोजंदारीवर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. पेट्या चालल्या तर जगन्नाथ राहील, पेट्या थांबल्या तर त्याला कोणी विचारणार नाही, एवढा सरळ मामला होता.

म्हणूनच आजच्या मोजणीआधी यज्ञेश्वररावांनी बंदोबस्त केला होता. तारीख एकतीस. बाराही पेट्या परत येऊन तळमजल्यावरच्या खोलीत होत्या. त्या खोलीला कुलूप, आणि किल्ली जानव्याला. पेट्या या लोकांच्या डोळ्यांनाच पडायला नकोत. पडल्या की उचलून ओरछा गेटला नेतील आणि वर म्हणतील, कसल्या पेट्या?

"नीचे क्या है?" विश्वंभर दयालांनी जिन्यात विचारलेच होते.

"पुराना सामान."

"देख लें?"

"धूल बहुत है. आपका कुर्ता खराब हो जाएगा."

आता रजिस्टर चाळता चाळता विश्वंभर दयालांचे बोट शेवटच्या रकान्यावर थांबले. हा शेऱ्याचा रकाना. बाकी रजिस्टर हिंदीत होते, पण शेरे यज्ञेश्वरराव मराठीत लिहीत. अक्षर बारीक, शब्द मोजके. 'वाळवी बघणे.' 'बिजागरी गेली.' 'मोठवाल्याने पान फाडले, संशय मास्तरवर.' हे कोणाला कळू नये हाच हेतू. आजोबांच्या पिढीतला मोडीचा सराव असता तर त्यांनी मोडीतच लिहिले असते.

"यह टिप्पणी मराठी में है. जरा समझा दीजिए, तो हमारा मुंशी नकल में ठीक से लिख ले."

यज्ञेश्वरराव मनात म्हणाले, आला मुद्द्यावर. तोंडाने म्हणाले, "घर की बोली है, साहब. काम की कोई बात नहीं."

विश्वंभर दयाल पुन्हा हसले. नगरपालिकेचा मुनशी मान खाली घालून जे वाचता येईल ते उतरवून घेत राहिला.

तीन आठवड्यांनी नव्या व्यवस्थेचा कागद आला. यज्ञेश्वररावांनी डिंक तपासला, पाकीट फोडले. वाचनकक्ष कायम. वर्तमानपत्रे कायम. घरी पुस्तक देणे कायम. स्वतः यज्ञेश्वरराव सहायक ग्रंथपाल म्हणून कायम. आणि मग: 'पेटी सेवा. मिलान के दिन बारहों पेटियाँ रिक्त पाई गईं. अतः यह सेवा चालू नहीं मानी जा सकती. वाहक की आवश्यकता नहीं.'

रिक्त! बारा पेट्या, चारशे ऐंशी पुस्तके, आणि रिक्त! रागाच्या तळाशी थोडे समाधानही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. आपण म्हणतच होतो. हसणारा माणूस.

जगन्नाथ दारात उभा होता. त्याला वाचता येत नव्हते. पेट्या तो नंबरांवरून नव्हे, कोणत्या पेटीला कुठे खरचटले आहे त्यावरून ओळखायचा. "का लिखो है, बाबूजी?"

"लिखा है कि पेटियाँ खाली हैं. विश्वंभर दयाल ने झूठ लिखवा दिया. मैं जानता था."

जगन्नाथने खांद्यावरचा गमछा काढून पुन्हा खांद्यावरच टाकला. "तो हम कल सें न आएँ?"

यज्ञेश्वररावांनी कागद पुढे ओढला आणि पुस्तकालय समितीच्या अध्यक्षांच्या नावे तीन पानी तक्रार लिहिली. विश्वंभर दयालांनी पेट्या न बघता, जाणूनबुजून, गरिबाच्या पोटावर पाय देऊन खोटा अहवाल दिला, वगैरे. 'जानबूझकर'खाली दोन रेघा मारल्या. डाकेवर भरवसा नव्हता, म्हणून तक्रार स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली.

पुढचा रविवार. गच्चीवर त्यांची पत्नी लीला सांडगे घालत होती. यज्ञेश्वरराव खाटेवर पडून, तक्रारीला उत्तर कसे येईल आणि त्यात कोणती लबाडी असेल याचा विचार करत होते. मुलगी कांचन जिन्यात होती. कॉलेजात जाणारी मुलगी. मराठी कळायचे सगळे, पण जिभेवर आधी हिंदी यायची.

"कांचन, मिठाची बरणी खाली आहे, आण गं," लीला ओरडली.

"खाली है तो ला के क्या करूँ, आई? पहले भर दूँ?"

लीला हसता हसता खोकलीच. "अगं बाई! खाली म्हणजे नीचे! खालच्या फडताळात आहे, भरलेली आहे चांगली गळ्यापर्यंत!"

"तो नीचे बोलो ना," कांचन म्हणाली आणि धडधडत जिना उतरली.

यज्ञेश्वरराव उठून बसले.

"काय झालं?" लीलाने विचारले.

"काही नाही."

"तोंड का असं झालंय मग?"

"काही नाही म्हटलं ना." त्यांनी टोपी घातली आणि भर उन्हात निघाले.

पुस्तकालयाला रविवारची सुट्टी. त्यांनी दार उघडले, रजिस्टर काढले, पेट्यांचे पान उघडले. पेटी एक: खाली. पेटी दोन: खाली. बारा ओळी, बारा वेळा, त्यांच्याच नेटक्या अक्षरात. पेट्या खालच्या खोलीत आहेत, एवढेच त्यांना लिहायचे होते. ज्या रकान्यातले काहीच कोणाला कळू नये अशी तजवीज त्यांनी एकवीस वर्षे केली, त्या रकान्यातला एकच शब्द मुनशीला वाचता आला, आणि त्याने तो बिचाऱ्याने आपल्या भाषेत वाचला. वर साहेबी कागदात शोभावा म्हणून 'रिक्त' केला. जन्म झाशीत, सगळा दिवस हिंदीत, तरी हे त्यांच्या ध्यानात आले नाही. परवा जगन्नाथसमोर तोच शब्द ते स्वतः मुनशीच्याच अर्थाने बोलले होते. दोन भाषा दोन खिशांत ठेवायची सवय. एका खिशातले दुसऱ्यात कधी बघितले नाही.

त्यांना भयंकर लाज वाटली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांवर डोळा ठेवला, आणि स्वतःच्या हाताकडे बघायचे तेवढे राहून गेले.

सोमवारी ते ओरछा गेटला गेले. वाटेत नाही म्हणायला एकदा मनात आले, की गप्प बसलो तर कोणाला कळणार? रजिस्टर आपल्याच ताब्यात आहे. पण पाय थांबले नाहीत.

विश्वंभर दयालांच्या टेबलावर ती तीन पानी तक्रार होती. अध्यक्षांनी खुलाशासाठी पाठवलेली. 'जानबूझकर'खालच्या दोन रेघा दारातूनही दिसत होत्या. आज ते हसले नाहीत.

"बैठिए. मैं तीन दिन से सोच रहा हूँ कि क्या जवाब लिखूँ."

"खाली माने नीचे," यज्ञेश्वरराव उभ्यानेच म्हणाले.

"जी?"

"मराठी में. पेटियाँ नीचे के कमरे में थीं. भरी हुई. मैंने लिखा था, खाली. गलती मेरी है."

विश्वंभर दयालांनी तक्रारीची पाने बाजूला सरकवली. "मैंने पूछा था, अष्टपुत्रे जी. दो बार पूछा था."

"पूछा था."

"तो बताया क्यों नहीं?"

"आप पर शक था."

एवढे सरळ उत्तर विश्वंभर दयालांनी अपेक्षिले नसावे. त्यांनी चष्मा काढून पुसला, कोरा कागद पुढे केला. दोघांनी मिळून दुरुस्तीचा अर्ज लिहिला. सही करण्याआधी यज्ञेश्वररावांनी तो दोनदा वाचला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण 'मराठी शब्द का अर्थ न बताने का दोष मेरा है' हे वाक्य त्यांनी स्वतः सुचवले, आणि विश्वंभर दयाल ते सौम्य करू लागले तेव्हा करू दिले नाही.

दुरुस्ती मंजूर झाली. पेट्या 'चालू' ठरल्या. पण निम्मीच गोष्ट सुधारली. पदांची यादी लखनौला जाऊन कायम होऊन आली होती, तिच्यात नवे नाव घालता येत नव्हते. पेटीसेवा चालवा, पण असलेल्या कर्मचाऱ्यांतूनच. विश्वंभर दयालांनी दोनदा लिहून पाहिले, स्वतः जाऊन बोलूनही आले, उत्तर तेच. मग हे काम कोण करणार या ओळीपुढे यज्ञेश्वररावांनी स्वतःचे नाव लिहिले.

पहिल्या तारखेला सकाळी सीपरी बाजाराने एक नवल पाहिले. टोपी घातलेले, कोटाची बटणे लावलेले अष्टपुत्रे बाबूजी हातगाडी ओढत स्टेशनाकडे चालले होते. गाडीवर चार पेट्या. उरलेल्यांसाठी आणखी दोन खेपा. पुलाच्या चढावर त्यांना दम लागला. पानवाला म्हणाला, "काए पंडिज्जी, जगन्नाथ कितै गओ?" ते गाडी ओढत पुढे गेले.

फलाटावर रानीपूर रोडची पेटी ते उचलू गेले, ती जमिनीवरून वीतभर वर आली आणि तिथेच राहिली. तेवढ्यात मागून एक हात आला. दंडावर पितळी बिल्ला होता.

"रान दो, बाबूजी. जा पेटी हमाई आय."

जगन्नाथ हमाल झाला होता. त्याने आपल्या त्या पेटीच्या खरचटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले, पेटी खांद्यावर घेतली.

यज्ञेश्वररावांना वाटले, न सांगितले तरी चालेल. याच्या लेखी दोषी विश्वंभर दयाल, आणि तो राग हा कधी बोलूनही दाखवणार नाही. पण हा माणूस दुसऱ्याच्या नावाने आयुष्यभर मनात बोटे मोडत राहील आणि आपण बघत राहू, हे त्यांना सोसवेना.

"जगन्नाथ, वह विश्वंभर दयाल ने नहीं लिखा था. मैंने लिखा था. मेरे लिखे से हुआ." आणि त्यांनी तो शब्द, त्याचे दोन्ही अर्थ, खालची खोली, सगळे सांगून टाकले.

जगन्नाथने पेटी खांद्यावर ठेवूनच ऐकले. गाडी फलाटाला लागली. तो गार्डाच्या ब्रेकव्हॅनकडे वळला, मग थांबला.

"हमसें पूछ लेते, बाबूजी. जो उठाउत है, ऊखों पतो रत कै पेटी भरी है कै रीती."

रीती. यज्ञेश्वररावांची आईही रिकाम्याला हाच शब्द वापरायची. ओटी भरायला आलेली बाई रित्या हाताने जाऊ नये म्हणायची. जगन्नाथशी आपली बोली इतकी जवळची आहे, हे त्यांना अठरा वर्षांत कधी कळले नव्हते. त्याच्याशी ते पेटी आण आणि पेटी ने याहून जास्त बोललेच कधी होते?

जगन्नाथने एकट्याने चारही पेट्या चढवल्या, गार्डकडून पावती आणून दिली. "बाकी की आठ ले आओ, हम इतईं हैं," तो म्हणाला. "और लौटत में पुल पै गाड़ी खेंचियो नईं, धक्का दइयो. कमर रै जैहै."

यज्ञेश्वरराव रिकामी गाडी घेऊन निघाले. पुलाचा चढ अर्धा चढल्यावर त्यांना आठवले, आज चारपैकी एकाही पेटीचे कुलूप आपण ओढून पाहिले नाही. खाली गाडी सुटल्याची शिटी झाली. त्यांनी मागे वळून बघितले नाही, कंबर वाकवली आणि जगन्नाथने सांगितले होते तसा, न ओढता, गाडीला मागून धक्का दिला.