रेजची दुवा

शाहमीरने ट्रक गावच्या सभागृहामागे उभा केला आणि शेजारच्या घराच्या दारातच म्हातारीला विचारलं, की मयत माणूस मुसलमान होता हे कशावरून.

दारात आल्या आल्या असं विचारू नये, हे त्याला कळत होतं. पण पोर्ट ऑगस्टाच्या मशीद कमिटीने ताकीद देऊनच पाठवलं होतं: मारी गावातली, ऑस्ट्रेलियात उंटांवर माल वाहायला आणलेल्या अफगाण-बलुची उंटवाल्यांची नातवंडं नावापुरती मुसलमान, खात्री झाली तरच जनाज्याची नमाज पढायची. शाहमीर पोटासाठी ट्रक हाकायचा आणि अडीनडीला इमाम व्हायचा. अशा पेचांचं शिक्षण त्याला कुणी दिलं नव्हतं.

मयताच्या बहिणीने, मॅव्हिस गुलामने, त्याच्यापुढे चहा ठेवला. म्हातारी चौऱ्याऐंशीची, पण ताठ. भाऊ रेज जन्मभर रेल्वेत राबला, दारू प्यायला, मशीद त्याने कधी आतून पाहिली नाही, हे सगळं तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याची इच्छा एकच होती: कब्रस्तानात आजोबांशेजारी, उंटवाल्यांच्या ओळीत निजायचं. इमामाने नकार दिला तर कुंपणापलीकडे जागा होती. तिथे त्याला एकट्याला ठेवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"कलमा यायचा त्याला?"

"नाही. आजोबांची दुवा यायची. रोज झोपताना म्हणायचा, प्यायलेला असला तरी."

"म्हणून दाखव, मावशी."

मॅव्हिसने तळवे उघडले, डोळे मिटले. "हूश्ता, हूश्ता. बस, बाबा. मंजिल."

शाहमीरला चहाचा ठसका लागला. क्वेट्ट्याजवळच्या गावात त्याचे आजोबा उंट बसवताना असंच काहीसं म्हणत. खाली बस, मुक्काम आला. दिवेलागणीला लहानग्या रेजने आपल्या आजोबांकडून ते ऐकलं असणार आणि आपल्या अकलेने दुवा ठरवून टाकली असणार. हसू दाबायला त्याने कप तोंडाला लावला, पण हसू आलंच नाही. माणूस सत्तर वर्षं हे म्हणत होता.

खरं सांगावं तर म्हातारीच्या तोंडावर, खोटं बोलावं तर मयताच्या दारात. इकडे आड, तिकडे विहीर.

"मावशी, ही दुवा..."

"उंट बसवायची हाक आहे. ठाऊक आहे मला." मॅव्हिसने डोळे उघडले. "आजोबांकडे शेवटचे दोन उंट उरले होते, त्यांना पाणी मीच दाखवायचे. रेज तेव्हा सहा वर्षांचा. एकदा सांगायला गेले, तर हात पसरून बसला होता. मग राहिलंच सांगायचं."

"मग मला कशाला ऐकवलीस?"

"तू विचारलंस म्हणून. दुसरं काही नव्हतंच रे त्याच्याकडे." तिने उघडे तळवे मांडीवर ठेवले. "आता तूच ठरव."

शाहमीरने आतल्या दाराकडे मान वळवली. पलीकडच्या खोलीत रेज चादरीखाली निजला होता, पाय पलंगाबाहेर आलेले.

"हे तो कोणाला म्हणायचा?"

"अल्लाला," मॅव्हिस जरा चिडूनच म्हणाली. "घरात उंट होता का?"

शाहमीरने कप खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि नमाजेआधी मयताला आंघोळ घालायचं पाणी कुठे आहे ते विचारलं.